पारण्याच्या दिवशी चढलेली रेघ

घरानं श्वास कसा घ्यावा, यावर आमच्या दोन खोल्यांच्या घरात तीन दिवस वाद चालला होता. ह्यांना चाक हवं होतं, मला पापुद्रा.

त्याच्या आदल्या उन्हाळ्यात चंद्रपुरात पारा एकोणपन्नासला टेकला होता. कूलरमध्ये घालायला पाणी मिळेना, म्हणून आमच्या कॉलनीत घरोघरी एसी आले. एसीचा गारवा वाया जाऊ नये म्हणून लोकांनी दारं-खिडक्यांना रबराच्या पट्ट्या लावल्या, झरोके बुजवले. घरं डब्यासारखी बंद झाली आणि त्या डब्यांत माणसं डोकं धरून बसू लागली. आपणच सोडलेला श्वास आपणच परत घ्यायचा, तो तरी किती वेळा? खिडकी उघडावी तर झळ आत येते, न उघडावी तर जीव गुदमरतो. त्यावर उपाय म्हणून श्वासपेट्या निघाल्या, आणि गौरी चिंतलवार नावाची इंजिनिअर मुलगी दोन नमुने पिशवीत घालून आमच्याकडे आली.

"काकू, तत्त्व सोपं आहे," ती म्हणाली. "आतली वापरलेली हवा बाहेर जाते. ती सत्तावीस अंशांची, गार. बाहेरची ताजी हवा आत येते, ती एकोणपन्नासची. जाणारीनं जाता जाता आपला गारवा येणारीला देऊन जायचं. मग ताजी हवा घरात शिरते ती एकतीसची होऊन. एसीला काम उरलं फक्त चार अंशांचं."

"म्हणजे सासरी निघालेल्या लेकीनं येणाऱ्या सुनेच्या हातात किल्ल्या द्यायच्या," हे म्हणाले.

"तसंच काका. फक्त दोघींची गाठ पडू द्यायची नाही."

ह्यांची सगळी नोकरी वीजकेंद्रात गेली, बॉयलरवर. तिथे धुराड्याकडे जाणाऱ्या धुरातली उष्णता काढून घेणारं आणि तिच्यावर भट्टीची हवा तापवणारं एक अजस्र चाक असतं. ते ह्यांनी अठ्ठावीस वर्षं सांभाळलं. गौरीच्या पिशवीतून तसंच चाक निघालं, ताटाएवढं. अर्धं जाणाऱ्या हवेत, अर्धं येणाऱ्या हवेत, आणि सावकाश फिरणारं. हरवलेलं वासरू सापडावं तसं ह्यांनी ते मांडीवर घेतलं.

दुसरा नमुना साधा दिसत होता. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असे दोनशे थर एकावर एक रचलेले. एका फटीतून जाणारी हवा, शेजारच्या फटीतून येणारी. मधला पापुद्रा ऊब आणि ओल पलीकडे जाऊ देतो. हवा जाऊ देत नाही, वासही नाही.

मी विचारलं, "चाकातून जाणारी हवा थोडी परत आत येते का गं?"

"येते ना काकू. शंभरात तीन-चार भाग. छिद्रांत अडकून फिरते."

"म्हणजे उष्टी."

हे खो खो हसले. "घ्या. आता हवासुद्धा उष्टी. अवं, सगळं जग एकमेकांचं उष्टंच ओढून राहिलं आहे नाकात."

"जगाचं जग बघेल," मी म्हटलं.

गौरी मात्र हसली नाही. "काका, हा प्रश्न आम्हाला परीक्षेत असतो. उष्टी शब्द वापरत नाहीत, एवढंच." मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "आणि पापुद्र्याच्या पेटीला वाचताही येतं. जाणारी हवा कशात मिसळत नाही, म्हणून तिच्यात काय काय आहे ते मोजता येतं. माणसाच्या श्वासातून शेकडो पदार्थ बाहेर पडतात. ही पेटी घराचा नेहमीचा श्वास शिकून घेते आणि त्यात काही वेगळं दिसलं की सांगते."

"चाकच बरं मग," हे म्हणाले. "ते बिचारं आपलं काम करते. कोणाच्या भानगडीत पडत नाही."

तिसऱ्या दिवशी ह्यांनी हात टेकले. "घे तुझा पापुद्रा. नाहीतर सोवळं नेसून श्वास घेशील."

पेटी बसवल्यावर गौरीनं माझ्याकडून एक उदबत्ती मागून घेतली आणि पेटवून छताजवळच्या जाळीखाली धरली. एरवी माझ्या देवघरातला धूर घरभर रेंगाळतो. तो आता सरळ वर चढला आणि दोरीसारखा जाळीत शिरला. त्याच वेळी दुसऱ्या जाळीतून माझ्या मानेवर झुळूक आली. मी तळहात पुढे केला. बाहेर रस्त्याचं डांबर पाघळत होतं, कडुनिंबाखाली चिमण्या चोच उघडून बसल्या होत्या. ज्या वाऱ्यानं त्यांची ती गत केली, तोच माझ्या हाताला सकाळच्या नदीकाठासारखा लागत होता. भिंतीतल्या त्या खोक्यात दोन वारे केसाइतक्या अंतरावरून एकमेकांना ओलांडत होते, द्यायचं ते देत होते आणि शिवत नव्हते. माझे हात आपोआप जोडले गेले. गौरीला वाटलं नमस्कार तिला आहे. तिनंही घाईघाईनं हात जोडले.

पंधरा दिवसांनी ती पाहणीला आली. पेटीवरच्या लहानशा पडद्यावर बोट ठेवून ती हळूच म्हणाली, "काकू, एक विचारू? तुम्ही दिवसातून एकदाच जेवता का?"

सासूबाईंच्या आजारपणात घेतलेलं एकभुक्त, त्याला एकतीस वर्षं झाली. दुपारी देवाला नैवेद्य दाखवून जेवायचं, मग दुसऱ्या दुपारपर्यंत नाही. संध्याकाळी ह्यांचं ताट वाढायचं आणि आपण पोथी घेऊन बसायचं. लग्नाकार्यातसुद्धा मी ते कोणाच्या लक्षात येऊ दिलं नव्हतं. व्रत बोलून दाखवू नये, ही आईची शिकवण.

"पोट रिकामं राहिलं की शरीर साठवलेली चरबी जाळायला घेतं," गौरी सांगू लागली. "ती जळताना ॲसिटोन नावाचा पदार्थ तयार होतो आणि श्वासातून बाहेर पडतो. अगदी थोडा, नाकाला कळणारही नाही. ही रेघ बघा. रात्रभर चढते, दुपारी तुम्ही जेवलात की उतरते. रोज."

एकतीस वर्षं मी समजत होते की हे फक्त देवाला आणि ह्यांना ठाऊक आहे. ते हवेत होतं. ज्या घरी मी हळदीकुंकवाला गेले, तिथल्या हवेला मी ते सांगून आले होते. माझ्या अंगावर काटा आला. लाज वाटली आणि त्याच वेळी असंही वाटलं की माझा उपास खरा होता, याची साक्ष वाऱ्यानं दिली.

मग अधिक ज्येष्ठ लागला. अधिक महिन्याचा नेम म्हणून मी धारणं-पारणं धरलं. एक दिवस धारणं, म्हणजे कडकडीत उपास, नुसतं लिंबूपाणी. दुसऱ्या दिवशी पारणं, म्हणजे जेवण. असा पूर्ण महिना. धारण्याला रेघ उंच चढायची, पारण्याला खाली यायची. पडद्यावर करवतीचे दात उमटले. ह्यांना त्याचा नादच लागला.

"आज दात वर आहे. म्हणजे आमच्या घरी चूल माझ्या एकट्यासाठी," हे म्हणायचे. "तुझं पुण्य आता लिटरमध्ये मोजता येईल, अलका."

"तुमचं ताट वाढलंय. बोलणं कमी करा."

"आतल्या खोलीत नेतो. तुझ्यासमोर बसून खाणं बरं दिसत नाही." आणि बातम्या लावून हे आत जायचे.

ह्यांना साखरेचा त्रास जुना. वैशाखात आरोग्यकेंद्रातल्या डॉक्टरांनी नवी गोळी दिली होती. रक्तातली जास्तीची साखर ती लघवीवाटे काढून टाकते. वजनही उतरतं, असं म्हणाले होते, आणि खरंच उतरत होतं. पहाटे साडेचारला, ऊन चढायच्या आत हे कापडी पिशवी घेऊन फिरायला जात. पाणी खूप पीत, पण नवतपा सुरू होता. रोहिणी नक्षत्रातले ते नऊ दिवस आमच्याकडे आभाळ तव्यासारखं असतं. पाणी कोण पीत नाही? खोलीत मात्र जास्त पिकलेल्या फळाचा वास यायला लागला होता. आंब्याच्या पाटीत एखादा सडला असेल म्हणून मी दोनदा सगळे आंबे काढून पाहिले. एकही सडलेला नव्हता.

एकोणिसाव्या दिवशी धारणं होतं. सकाळी पूजा करून उठले तर पेटीचा पडदा लाल. "घरातील श्वासात ॲसिटोन असाधारण. डॉक्टरांशी बोला."

हे पलंगावर लवंडले होते. "सोड. तुझा उपास आहे. पेटीला अधिक महिना कळत नाही."

मलाही हसू आलं. मग मी रेघ पाहिली आणि हसू गेलं. आज धारणं, ते खरं. पण काल पारणं होतं. काल मी वरण-भात, पुरण सगळं जेवले होते. काल दात खाली यायला हवा होता. तो आला नव्हता. परवाच्या धारण्याहून कालची रेघ वर होती. त्याआधीच्या पारण्यालाही ती उतरली नव्हती. करवतीला दातच उरले नव्हते, नुसता एक चढ होता.

आरोग्यकेंद्रातल्या डॉक्टरीण बाईंना फोन लावला. नाव प्राची, आवाज लेकीसारखा.

"घरात कोण कोण आहे, काकू?"

"आम्ही दोघंच. माझा आज उपास आहे."

"काकांची साखर बघा बरं मशीनवर."

पाहिली. एकशे बासष्ट.

"मग काकांचं ठीक दिसतंय. तुम्ही उपाशी आहात. उन्हाळ्याचे उपास कधी कधी अंगावर येतात. असं करा, आज एक दिवस शेजारी जाऊन राहा, मग घराची रेघ कोणाची ते कळेल."

"ह्यांना एकटं टाकून?"

"मग काकांनी जाळीखाली फुंकर मारून पाहिली तर?"

"गौरी म्हणाली होती, पेटी एका फुंकरीवर बोलत नाही. तासांची सरासरी काढते."

"मग जेवा. भात जेवा. दोन-तीन तासांत तुमची रेघ वाकायला हवी. न वाकली तर लगेच मला फोन करा. थांबू नका."

फोन ठेवून मी देवघरासमोर उभी राहिले. महिन्याच्या पहिल्या दिवशी पळीभर पाणी तळहातावर घेऊन संकल्प सोडला होता. त्यात ह्यांचं नाव घेतलं होतं, ह्यांचं आयुष्य आणि आरोग्य मागितलं होतं. धारण्याच्या दिवशी अन्न घेतलं की तो संकल्प खंडला. ज्यांच्यासाठी धरलं त्यांनाच काही झालं तर, ही भीती मी विसरू शकत नव्हते. आणि न जेवावं, तर ती रेघ माझीच म्हणून चालून जाणार होती. आज, उद्या, महिना संपेपर्यंत.

मी तांदूळ धुतले.

हे उठून स्वयंपाकघराच्या दारात आले. चार पावलं चालून धाप लागली होती. "काय करून राहिली तू?"

"भात टाकते. माझ्यासाठी."

"धारणं आहे न आज?"

"आहे."

"एका डब्याच्या सांगण्यावरून व्रत मोडते? एकतीस वर्षांत ताप होता तरी मोडलं नाही. मी नाही म्हणतो."

"तुम्ही कधीपासून माझ्या व्रताची बाजू घ्यायला लागलात?"

हे चौकटीला धरून उभे राहिले. उपासाची थट्टा करण्यात ज्यांचा जन्म गेला, ते मला उपास मोडू नको म्हणत होते. तेही नुसतं अडवायचं म्हणून नाही, कळवळून.

औषध घेतल्यानं व्रत मोडत नाही, असं आई सांगायची. भात औषध म्हणून खाल्ला, असं मनाला समजावता आलं असतं. समजावलं नाही. नैवेद्य दाखवला, नमस्कार केला आणि माझं व्रत मी माझ्या हातानं मोडलं. ताट संपवलं.

मग पेटीसमोर बसले. जप करायला घेतला, पण डोळे मिटवेनात. बाहेर वारा शिट्टी वाजवत होता आणि घरात पडद्यावरचा एक ठिपका पुढे सरकत होता. त्या ठिपक्याच्या मागे काय होतं, ते मला दिसू लागलं. आमच्या दोघांचे श्वास या खोलीत दुधात पाणी मिसळावं तसे मिसळले होते. त्यातला माझा कोणता, ह्यांचा कोणता, हे कोणाला सांगता आलं नसतं. आता मी माझा काढून घेत होते. तो विरत गेला की खाली जे उरेल ते ह्यांचं. लोक देवाला विचारतात, कौल लावतात. मी एक घास खाऊन हवेला विचारलं होतं आणि हवा उत्तर देत होती.

पहिल्या तासात रेघ आडवी राहिली. दुसऱ्या तासात वाकली. वर.

मी ह्यांच्या पलंगाशी गेले. हे डोळे मिटून खोल खोल श्वास घेत होते, पळून आल्यासारखे. मी वाकले. पिकलेल्या फळाचा वास आंब्यांचा नव्हता.

"अहो, काल रात्री काय जेवलात?"

"भाकर. चतकोर."

"परवा?"

हे चादरीची कड चाचपू लागले.

"परवा माझं धारणं होतं. तुमचं ताट आत नेलं होतंत. काय जेवलात?"

ह्यांनी छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "गाईला देतो पहाटे. गोरक्षणातल्या."

"किती दिवस?"

"अधिक लागला तेव्हापासून. तुझं धारणं ते माझं धारणं." खोल श्वास घेऊन पुढे म्हणाले, "एकतीस वर्षं तू उपाशी निजली आणि मी तुझ्यादेखत जेवलो. म्हटलं, एक महिना आपणही पाहावं कसं लागते ते. सांगितलं असतं तर तू हसली असती."

"आणि पारण्याला?"

"सुरुवातीला जेवलो. मग भूकच लागेना. मळमळते."

"गोळी?"

"गोळी रोज घेतली. ती नाही चुकवली," हे म्हणाले, शाबासकी मिळावी तसे.

मी हसले नाही, रडलेही नाही. फोन लावला. "डॉक्टर, उपास दोघांचा होता." एवढं एकच वाक्य बोलले आणि पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"काकू, साखरेच्या आकड्याकडे आता बघू नका. ती गोळी साखर बाहेर काढत राहते, म्हणून आकडा बरा दिसतो. पण पोटात अन्न नाही, शरीर नुसती चरबी जाळतंय, रक्त आंबट होत चाललंय. गाडी पाठवते. गोळी देऊ नका, लिंबूपाण्यात साखर घालून घोट घोट पाजा."

बावीस मिनिटांत गाडी आली. दार उघडल्यावर ती झळ चेहऱ्यावर आदळली, आणि स्ट्रेचरवरून हे मला म्हणाले, "दार लवकर लाव. गारवा जाईल."

दोन दिवस ह्यांना अतिदक्षता विभागात ठेवलं. सलाइनमधून साखर आणि सोबत इन्सुलिन, असं उलटंसुलटं वाटणारं औषध चालू होतं. तिसऱ्या सकाळी डॉक्टर प्राची स्वतः आल्या. म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर काका बोलण्याच्या पलीकडे गेले असते. मग त्यांनी विचारलं, "आकडा चांगला असताना तुम्हाला संशय आला कसा?"

"पारण्याच्या दिवशी रेघ चढली," मी म्हटलं.

त्यांना पारणं ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. त्या कागदावर लिहून घेत होत्या आणि मी मात्र दुसऱ्याच गोष्टीनं स्तब्ध झाले होते. माझ्या उपासाच्या आड ह्यांचा आजार दडून बसला होता. मी जितकं कडक व्रत करत होते, तितका तो आडोसा दाट होत होता. संकल्पात मी ह्यांचं आरोग्य मागितलं होतं आणि ते मिळालं होतं, संकल्प मोडल्यावर. याचा अर्थ लावण्याइतकी मी मोठी नाही. देवानं ऐकलं, एवढंच म्हणते. कोणत्या वाटेनं ऐकावं, ते त्याचं तो ठरवतो. या वेळी त्यानं कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ वाट धरली.

घरी सोडताना डॉक्टर प्राचींनी ह्यांना बजावलं. ती गोळी कायमची बंद, इन्सुलिन चालू, तीन वेळा ठरल्या वेळी जेवण, उपास नाही.

"सकाळचं, दुपारचं जेवीन," हे म्हणाले. "संध्याकाळचं हिच्यावर आहे. मी आता हिच्यासमोर एकटा जेवणार नाही. होत नाही माझ्याच्यानं."

"काका, हट्ट करू नका."

"हट्ट कुठे? एकोणीस दिवस करून पाहिलं न मी. उपाशी निजणं सोपं आहे, डॉक्टर. उपाशी माणसासमोर जेवणं कठीण."

डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिल्या. मी ह्यांच्या चपला पुढे केल्या.

घरी आलो त्या दिवशी संध्याकाळी मी दिवा लावला आणि पळीभर पाणी तळहातावर घेतलं. एकतीस वर्षांचं व्रत देवाच्या पायाशी ठेवलं. नवा संकल्प केला, की आजपासून रोज दिवेलागणीनंतर ह्यांच्या पंगतीला बसून जेवीन, चुकवणार नाही. पाणी सोडलं. पोटाला सवय नव्हती, मनाला तर नव्हतीच. शरीर म्हणत होतं, ही तुझी जेवायची वेळ नाही.

दोन पाट मांडले. ज्वारीच्या भाकरी, चवळीच्या शेंगांची भाजी, कढी. नैवेद्य दाखवण्याआधी मी काही चाखत नाही, आणि संध्याकाळी त्यानंतरही कधी चाखलं नव्हतं. हे समोर बसले. मी घास घेईपर्यंत ह्यांनी हात लावला नाही.

मी घास घेतला. चावला. थांबले.

"अहो, भाजीत मीठ कमी आहे."

"हो," हे भाकर मोडत म्हणाले. "संध्याकाळच्या भाजीत एकतीस वर्षं कमी आहे."